पडलेला खेळाडू आणि दुसरी संधी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १५:३६-४१, फिलेमोन १०-१६, २ तीमथ्य २:२०-२१ व ४:९-११



खेळाडूने गैरवर्तन केले, त्याबद्दल शिक्षा भोगली आणि तो परत आला, की आपल्या घराघरांत वाद सुरू होतो. एक म्हणतो, "झाले गेले विसरून जावे." दुसरा म्हणतो, "ज्याने एकदा फसवले त्याला पुन्हा मैदानावर पाऊल ठेवू देऊ नये." दोघेही कधी कधी शास्त्राचाच आधार घेतात. पहिला क्षमेचा दाखला देतो, दुसरा न्यायाचा. हा प्रश्न केवळ मैदानापुरता नाही. मंडळीतील पडलेल्या बंधुभगिनींशी आपण कसे वागतो, तेच या वादातून प्रकट होत असते. म्हणून एका खऱ्या घटनेच्या आधारे आपण या विषयाचा अभ्यास करू.

१. नागपूरचा सामना

१९ मार्च २००० रोजी नागपूर येथे भारत व दक्षिण आफ्रिका यांच्यात एक दिवसाचा क्रिकेट सामना झाला. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याने सामन्यापूर्वी आपल्याच संघातील दोघा खेळाडूंपुढे सट्टेबाजाचा प्रस्ताव मांडला होता. फलंदाज हर्शेल गिब्स याने वीसपेक्षा कमी धावा काढाव्यात आणि गोलंदाज हेन्री विल्यम्स याने आपल्या षटकांत पन्नासपेक्षा जास्त धावा द्याव्यात. त्याबद्दल प्रत्येकाला १५,००० डॉलर मिळणार होते. दोघांनीही होकार दिला. प्रत्यक्षात गिब्सने ७४ धावा काढल्या आणि विल्यम्स अवघे अकरा चेंडू टाकून खांद्याच्या दुखापतीमुळे मैदानाबाहेर गेला. ठरल्याप्रमाणे काहीच घडले नाही. तथापि होकार दिला गेला होता, आणि अपराध तेथेच घडला होता.

७ एप्रिल रोजी दिल्ली पोलिसांनी हे प्रकरण जाहीर केले. क्रोनिएने प्रथम सर्व काही नाकारले. ११ एप्रिलच्या पहाटे तीनच्या सुमारास त्याने आपल्या क्रिकेट मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना दूरध्वनी केला आणि आपण पूर्ण खरे बोललो नाही, अशी कबुली दिली. त्या वर्षी जूनमध्ये केपटाऊन येथे न्यायमूर्ती किंग यांच्या आयोगापुढे चौकशी झाली. तेथे १९९६ सालापासून सट्टेबाजांकडून घेतलेल्या पैशांचा हिशेब त्याने दिला. ती रक्कम एक लाख डॉलरच्या वर गेली. त्याच वर्षी जानेवारीत सेंच्युरियन येथील कसोटी सामन्याच्या वेळी त्याने पैशांबरोबर एक चामड्याचे जाकीटही स्वीकारले होते. यरीहोच्या लुटीतील एका सुंदर झग्यासाठी आखानाचे मन कसे मोहित झाले, हे यहोशवाच्या सातव्या अध्यायात आपण वाचतो. ते वाचताना या जाकिटाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

या घटनेत आपल्याला अधिक वेदना देणारी गोष्ट अशी, की क्रोनिए हा उघडपणे ख्रिस्ताचे नाव घेणारा मनुष्य होता. आपल्या जागी येशूने काय केले असते, असा प्रश्न आठवून देणारे कडे तो मनगटात घालीत असे. आणि ज्या दोघांना त्याने या पापात ओढले, ते दोघेही वर्णभेदाच्या राजवटीत ज्यांना राष्ट्रीय संघाचे दार बंद होते अशा समाजातून आलेले होते. संघात स्थान टिकवण्यासाठी कर्णधाराच्या मर्जीची गरज असलेल्या खेळाडूंना कर्णधारानेच मोहात घातले. लहानांपैकी एकाला अडखळविणाऱ्याविषयी प्रभूने जो इशारा दिला आहे (मत्तय १८:६), तो येथे लागू पडतो.

क्रोनिएवर आजन्म बंदी आली. पुढे त्याने अवजड यंत्रसामग्रीच्या एका कंपनीत नोकरी धरली. १ जून २००२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी विमान अपघातात त्याचे निधन झाले.

गिब्स व विल्यम्स यांना एकाच अपराधासाठी प्रत्येकी सहा महिन्यांची बंदी झाली. बंदी संपताच गिब्स परतला. १२ मार्च २००६ रोजी जोहान्सबर्ग येथे ऑस्ट्रेलियाच्या ४३४ धावांचा पाठलाग करताना त्याने १७५ धावा केल्या, आणि त्या विजयाची आठवण अजून सांगितली जाते. विल्यम्स मात्र राष्ट्रीय संघात पुन्हा दिसला नाही. तो तिशी ओलांडलेला होता, खांदा दुखावलेला होता, निवडीची अन्य कारणेही असतील. त्याच्यावर कोणी जाणूनबुजून अन्याय केला, असे आपण म्हणू शकत नाही. तरीही मनात प्रश्न उरतोच. अपराध एक, शिक्षा एक. मग एकाचे नाव आज आदराने घेतले जाते आणि दुसऱ्याचे नाव कोणाच्या लक्षातही नाही, असे का व्हावे?

याचे उत्तर कटू आहे. जग दुसरी संधी देते, परंतु ती देण्यापूर्वी तराजू हाती घेते. ज्याच्या बॅटमधून धावा निघतात, ज्याच्या चेंडूने बळी मिळतात, त्याचा भूतकाळ लवकर पुसला जातो. २०१८ साली केपटाऊनच्या कसोटीत चेंडू खरवडल्याच्या प्रकरणी ऑस्ट्रेलियाचा कर्णधार स्टीव्ह स्मिथ याला एक वर्षाची बंदी झाली. २०१९ मध्ये इंग्लंडमध्ये परतून त्याने एका कसोटी मालिकेत ७७४ धावा केल्या. त्यानंतर टीकेचा आवाज किती मंदावला, हे क्रिकेट पाहणाऱ्यांना ठाऊक आहे. त्याने शिक्षा पूर्ण भोगली होती, त्याचे परतणे योग्यच होते. प्रश्न आपला आहे. आपण त्याला क्षमा केली, की त्याच्या धावांना?

२. पंफुल्यातून परतलेला तरुण

आता पवित्र शास्त्राकडे वळू. योहान मार्क हा तरुण पौल व बर्णबा यांच्या पहिल्या सुवार्ताफेरीत त्यांचा साहाय्यक म्हणून निघाला होता. पंफुल्यातील पिर्गा येथे पोहोचल्यावर तो त्यांना सोडून यरुशलेमेस परत गेला (प्रे. कृत्ये १३:१३). का गेला, ते लूक सांगत नाही. पुढे दुसऱ्या फेरीची सिद्धता होत असताना बर्णबाने त्याला पुन्हा बरोबर घेण्याचा आग्रह धरला आणि पौलाने नकार दिला. तेव्हा त्या दोघांत जो प्रसंग घडला, त्यासाठी लूक 'पारोक्सिस्मोस' हा ग्रीक शब्द वापरतो. त्यात धार आहे, संताप आहे. भाषांतर करताना तो सौम्य करण्याचा मोह होतो, कारण दोन थोर प्रेषित असे भांडले हे वाचकाला रुचत नाही. परंतु लूकने ते झाकले नाही. आपणही झाकू नये.

या भांडणात चूक कोणाची, याचा निर्णय शास्त्र देत नाही. पौलाच्या म्हणण्यात तथ्य होते. पुढचा मार्ग धोक्याचा होता. त्याच मार्गावर पूर्वी लुस्त्र येथे त्याला दगडमार झाला होता. अशा वेळी अर्ध्या वाटेवर सोडून जाणारा सोबती इतरांचे प्राण संकटात घालू शकतो. बर्णबाच्या म्हणण्यातही तथ्य होते. ज्याला पुन्हा कधीच नेले जाणार नाही, तो पुन्हा कधीच विश्वासू ठरू शकणार नाही.

आपल्या काळातही हे दोन्ही आवाज ऐकू आले आहेत. पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर याने ऑगस्ट २०१० मध्ये लॉर्ड्सवर पैशांसाठी ठरवून नो-बॉल टाकले. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता, आणि त्या कटात त्याचा कर्णधारही सामील होता. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली, आणि इंग्लंडमधील न्यायालयाने त्याला सहा महिन्यांची कैदही सुनावली. बंदी संपल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये त्याला राष्ट्रीय संघाच्या सराव शिबिरात बोलावले गेले, तेव्हा मोहम्मद हफीज व अझर अली या खेळाडूंनी प्रथम शिबिरात सहभागी होण्यास नकार दिला. त्यांना कठोर हृदयाचे म्हणणे सोपे आहे. परंतु प्रामाणिकपणे खेळूनही ज्यांच्या देशाच्या नावाला काळिमा लागला होता, त्यांचा तो आवाज होता. अखेर ते शिबिरात आले. जानेवारी २०१६ मध्ये आमिर पुन्हा देशासाठी खेळला आणि त्या वर्षी जुलैत त्याच लॉर्ड्सवर उतरला. पौलाचा नकार आणि बर्णबाचा आग्रह या दोहोंचीही समाजाला गरज असते. पौल नसेल तर पापाचे गांभीर्य उरत नाही, बर्णबा नसेल तर पाप्याला आशा उरत नाही.

बर्णबाने मार्काला कोठे नेले, हेही लक्षात घ्यावे. तो त्याला कुप्र बेटावर घेऊन गेला. ते बर्णबाचे जन्मस्थान होते, ओळखीचा प्रदेश होता. पडलेल्याला त्याने आघाडीवर उभे केले नाही. आपल्या सावलीत, लहान क्षेत्रात, त्याला पुन्हा चालायला शिकवले.

३. एक शब्द, तीन ठिकाणी

बऱ्याच वर्षांनी पौल रोममध्ये कैदेत असताना तीमथ्याला लिहितो. आपला सोबती देमास जगाच्या प्रीतीने आपल्याला सोडून गेला, असे तो दुःखाने सांगतो आणि पुढच्याच वचनात मार्काला बरोबर घेऊन येण्यास सांगतो, कारण तो सेवेसाठी आपल्याला उपयोगी आहे (२ तीमथ्य ४:१०-११). एक सोडून गेलेला आणि एक सोडून जाऊन परत आलेला, अशी दोन नावे येथे शेजारी शेजारी उभी आहेत.

येथे 'उपयोगी' यासाठी मुळात 'युख्रेस्तोस' हा शब्द आहे. नव्या करारात तो केवळ तीन वेळा येतो, आणि त्या तीन जागा एकत्र वाचल्या म्हणजे आपल्या विषयावर मोठा प्रकाश पडतो.

पहिली जागा मार्काविषयीची. दुसरी जागा फिलेमोनाच्या पत्रातील. अनेसिम हा धन्याकडून निघून गेलेला दास. त्याच्यामुळे धन्याचे काही नुकसान झाले असल्यास ते आपल्या हिशेबी मांडावे, असे पौल लिहितो. पूर्वी निरुपयोगी असलेला हा मनुष्य आता तुलाही आणि मलाही उपयोगी झाला आहे, अशी साक्ष तो देतो. म्हणजे हा शब्द ज्या दोन माणसांना लावला आहे, ते दोघेही एके काळी आपली जागा सोडून गेलेले होते!

तिसरी जागा २ तीमथ्य २:२१ येथे आहे. मोठ्या घरात नाना प्रकारची पात्रे असतात. जो स्वतःला शुद्ध करतो, तो धन्याच्या उपयोगी पडणारे पात्र होतो.

आता जगाचा क्रम आणि सुवार्तेचा क्रम यांतील भेद पाहावा. जग प्रथम पाहते की हा मनुष्य उपयोगी आहे काय, आणि उपयोगी असल्यास त्याला संधी देते. बर्णबाने मार्काला कुप्रास नेले, तेव्हा मार्क उपयोगी नव्हता. पौलाने अनेसिमाला बंदिवासात आपले लेकरू म्हटले, तेव्हा तो निरुपयोगी म्हणूनच ओळखला जात होता. प्रथम कोणी तरी प्रीती केली, कोणी तरी जोखीम पत्करली, कोणी तरी नुकसान आपल्या नावे लिहून घेतले, आणि उपयुक्तता मागाहून आली. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला (रोम ५:८), या सत्याचाच हा विस्तार आहे.

तेव्हा खेळाडूला दुसरी संधी मिळावी काय, या प्रश्नाचे ख्रिस्ती उत्तर होकारार्थी आहे. मात्र तो होकार त्याच्या गुणवत्तेवर अवलंबून नसावा. गिब्सला जी संधी मिळू शकते, ती विल्यम्ससाठीही खुली असली पाहिजे. संघात स्थान खेळाच्या कौशल्यावरच मिळेल, ते योग्यच. परंतु सन्मान, सहवास, उपजीविका आणि नव्याने जगण्याची वाट ही कौशल्याच्या मोजमापाने देता येत नाही.

४. क्षमा आणि पद

येथे एक इशारा आवश्यक आहे. क्षमा आणि पद या दोन भिन्न गोष्टी आहेत. क्षमा ही कृपेने, विनामूल्य मिळते. पद हे विश्वासाचे निक्षेप आहे. ते ज्यांच्या भल्यासाठी असते, त्यांचा विचार प्रथम झाला पाहिजे.

प्राचीन ऑलिंपियात लाच देणाऱ्या खेळाडूंकडून दंड घेत आणि त्यातून झ्यूस देवाच्या काशाच्या मूर्ती घडवून मैदानाच्या प्रवेशमार्गावर उभ्या करीत. पौसानियस या दुसऱ्या शतकातील प्रवाशाने त्यांची हकिगत लिहून ठेवली आहे. पहिल्या मूर्ती इ.स.पू. ३८८ मध्ये युपोलस नावाच्या मुष्टियोद्ध्याच्या अपराधानंतर उभारल्या गेल्या. त्याने प्रतिस्पर्ध्यांना पैसे चारले होते. मूर्तींचे चौथरे आजही तेथे आहेत. पुढच्या खेळाडूंना इशारा मिळावा हा त्यामागील हेतू चांगला होता. पण अपराध्याला आपली लाज तेथून कधी उचलता आली नाही. आपल्याविरुद्धचा ऋणलेख प्रभूने वधस्तंभाला खिळून रद्द केला (कलस्सै २:१४). म्हणून ख्रिस्ती मनुष्याने कोणाच्याही अपराधाची मूर्ती दारात उभी करू नये. परंतु नियम मोडणाऱ्याला मुकुट मिळत नाही, हेही त्याच पौलाने सांगितले आहे (२ तीमथ्य २:५). मूर्ती हटवावी, नियम हटवू नये.

दुसरी संधी देताना तीन प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

पहिला : सत्य पूर्ण सांगितले गेले काय? क्रोनिएची कबुली तुकड्यातुकड्यांनी आली. आधी नकार, मग थोडेसे, मग अधिक. अशा प्रत्येक तुकड्याबरोबर ऐकणाऱ्याचा विश्वास थोडा थोडा झिजतो. स्तोत्र ३२ मध्ये पाप झाकून ठेवणाऱ्याच्या अंगातील शक्ती कशी आटते, ते दाविदाने सांगितले आहे. पश्चात्ताप सत्यापासून सुरू होतो.

दुसरा : ज्यांचे नुकसान झाले, त्यांचे कोणी ऐकले काय? जक्कयाने येशूला घरी घेतले आणि ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट देण्याचे वचन दिले (लूक १९:८). उत्तेजक द्रव्य घेऊन धावणाऱ्यामुळे जो प्रामाणिक धावपटू मागे पडला, त्याच्या वाट्याचा तो क्षण कोणी परत देऊ शकत नाही. म्हणून पडलेल्याविषयी कळवळा दाखवताना त्याला विसरू नये.

तिसरा : पुनरागमन कोठून सुरू होत आहे? स्मिथला परत खेळू दिले, पण एक वर्ष बंदीचे आणि त्यानंतर आणखी एक वर्ष त्याला कर्णधारपदापासून दूर ठेवले होते. त्याचा सहकारी डेव्हिड वॉर्नर याच्यावरील नेतृत्वबंदी ऑक्टोबर २०२४ पर्यंत उठली नाही. खेळण्याची संधी आणि इतरांवर अधिकार यांत फरक करणे शहाणपणाचे आहे, विशेषतः ज्याने अधिकाराचाच दुरुपयोग केला त्याच्या बाबतीत. ज्याने लेकरांना इजा केली असेल, त्याला क्षमा मिळाली तरी लेकरांची जबाबदारी पुन्हा देऊ नये. त्यात कृपेचा अव्हेर नाही, लेकरांचे रक्षण आहे.

कोणी म्हणेल, "पेत्राने तीन वेळा नाकारले, तरी प्रभूने त्याला मेंढरे सोपवलीच की!" खरे आहे. परंतु योहानाचा एकविसावा अध्याय सावकाश वाचावा. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव होता. नाकारण्याच्या रात्रीही पेत्र कोळशांच्याच विस्तवापाशी शेकत उभा होता. प्रभूने त्याला त्या आठवणीपाशी आणले, तीन वेळा विचारले आणि पेत्र दुःखी झाला. शिवाय विचारणारा अंतःकरण जाणणारा होता. आपण अंतःकरण जाणत नाही. म्हणूनच आपल्याला काळाची, साक्षीची आणि फळे पाहण्याची गरज असते.

५. आपल्या मंडळीत

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका मंडळीच्या समितीवर होतो. तरुणसंघाच्या सहलीच्या वर्गणीतील पैसे दोघा तरुणांनी मिळून खर्च केल्याचे उघडकीस आले. दोघांनी कबुली दिली, पैसेही भरले. एक जण उत्तम पेटी वाजवीत असे. नाताळ जवळ आला, गायनवृंद अडला, आणि आम्ही त्याला सन्मानाने बोलावले. दुसऱ्याच्या अंगी असा काही गुण आम्हांला दिसला नव्हता. त्याला कोणी दूर लोटले नाही, आणि कोणी बोलावलेही नाही. काही महिन्यांनी तो उपासनेस येईनासा झाला. तो गाव सोडून गेल्याचे मला फार उशिरा कळले. त्या समितीत मी शास्त्र शिकलेला मनुष्य होतो. मार्काची गोष्ट मला पाठ होती. तरी त्याच्या दारी मी एकदाही गेलो नाही.

म्हणून खेळाडूंविषयीच्या वादात मी आता सावधपणे बोलतो. आपण मंडळीत कोणाला लवकर क्षमा करतो? गळा गोड असलेल्याला, देणगी मोठी देणाऱ्याला, नामांकित घराण्यातल्याला. आणि कोणाला विसरतो? जग धावा मोजते. आपण याच गोष्टी मोजत असलो, तर आपल्यात आणि जगात भेद तो काय राहिला?

दुसरे शुभवर्तमान मार्काने लिहिले, असे पुरातन मंडळीचे परंपरागत मत आहे. पुनरुत्थानाच्या सकाळी कबरेपाशी स्त्रियांना मिळालेला निरोप चारही शुभवर्तमानांत ताडून पाहावा. शिष्यांबरोबर पेत्राचे नाव मुद्दाम घेऊन त्यालाही कळवावे, अशी आज्ञा केवळ मार्काच्या शुभवर्तमानात आढळते (१६:७). ज्याला एके काळी कोणी तरी नाव घेऊन पुन्हा बोलावले होते, त्याच्या लेखणीने दुसऱ्या पडलेल्याचे नाव जपून ठेवले. आपल्या परिचयातील असे एक नाव आज प्रत्येकाने आठवावे, आणि या आठवड्यात त्याच्या दारी जावे.

मननासाठी प्रश्न

१. पौल व बर्णबा यांच्यापैकी कोणाची बाजू तुम्हांला सहज पटते? दुसऱ्याच्या बाजूत कोणते सत्य आहे?

२. क्षमा मिळाली, पण पद परत मिळाले नाही, अशा मनुष्याशी मंडळीने कसे वागावे?

३. तुमच्या मंडळीत 'विल्यम्स' कोण आहे? त्याला बोलावण्यासाठी कोण जाईल?

प्रार्थना : हे प्रभू, आम्ही निरुपयोगी असताना तू आम्हांला जवळ केलेस. पडलेल्याला तोलून पाहण्याची आमची सवय मोड. सत्याविषयी आम्हांला पौलासारखे दृढ आणि माणसांविषयी बर्णबासारखे धीराचे कर. आमेन.